शेजारच्या खुर्चीतून ऐकलेला कीबोर्ड

घरात काम करण्याऐवजी बाहेर जागा घ्यावी असे ठरल्यावर आम्ही चौघांनी मिळून पुण्यातल्या एका जुन्या इमारतीत मोठी खोली भाड्याने घेतली. माझे काम अनुवादाचे आहे. माझ्या समोर, एकाच लांब टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, मुद्रितशोधनाचे काम करणाऱ्या ताई बसतात. खिडकीजवळ जमाखर्चाची आणि करविवरणपत्रांची कामे करणारा एक तरुण बसतो. आणि चौथे सहकारी माझ्यासारखेच अनुवादक आहेत. या चौघांत सर्वांत जास्त टंकलेखन माझे होते आणि सर्वांत जास्त शांतता ताईंना लागते, कारण मुद्रितावरची नजर एकदा उठली की सुटलेला अनुस्वार सुटलेलाच राहतो. म्हणून त्या खोलीत कायमचे बसायला लागण्यापूर्वी तिथे चालेल असा शांत मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असलेला कीबोर्ड, निवडायचा, हे मी पहिले काम मानले. त्या निवडीत जे हाती आले ते सविस्तर लिहिते आहे.

शांतताच हवी असेल तर मेकॅनिकल कीबोर्ड कशाला, हा प्रश्न योग्यच आहे. रबरी घुमट असलेला साधा मेंब्रेन कीबोर्ड किंवा लॅपटॉपसारख्या कात्री यंत्रणेचा बसका कीबोर्ड बहुतेक मेकॅनिकल कीबोर्डांपेक्षा कमी वाजतो आणि ज्यांना दिवसाकाठी चार-दोन पत्रेच लिहायची असतात, त्यांनी खुशाल तोच घ्यावा. माझी अडचण निराळी आहे. मी टंकलेखन शिकले ते लोखंडी यंत्रावर, जिथे अक्षर कागदावर उमटण्यासाठी कळ जोराने मारावी लागे. पुढे संगणकावर इनस्क्रिप्ट ही देवनागरीची कळमांडणी आत्मसात केली, तरी बोटांतला तो जोर गेला नाही. मेंब्रेन कीबोर्डमध्ये अक्षर उमटायला कळ जवळजवळ तळापर्यंत दाबावी लागते, आणि लॅपटॉपच्या कळांची खोली इतकी कमी असते की बोट दरवेळी कठीण पृष्ठभागावर आदळते. संध्याकाळपर्यंत माझी बोटे ठणकू लागतात. मेकॅनिकल स्विचची एकूण वाटचाल साधारण ४ मिलिमीटरची असते आणि अक्षर अर्ध्या वाटेवर, म्हणजे २ मिलिमीटरच्या आसपास, नोंदले जाते. उरलेल्या अंतरात बोटाला जोर आवरण्यासाठी वाव मिळतो. हा फायदा मला सोडायचा नव्हता.

कीबोर्ड ‘वाजतो’ असे आपण एका शब्दात म्हणतो, पण तो आवाज अनेक ठिकाणांहून येत असतो, आणि कोणता आवाज कुठून येतो हे ओळखल्याशिवाय केलेली खरेदी नशिबावर अवलंबून राहते. पहिला आवाज मुद्दाम घडवलेला असतो: क्लिकी स्विचमध्ये एक वेगळा सरकता तुकडा किंवा बारीक तारेची पट्टी असते आणि ती कळ दाबताना ‘टिक’ असा नाद करते. दुसरा आवाज स्विचचा दांडा, म्हणजे कळीबरोबर वरखाली होणारा भाग, तळाला आपटल्याचा. तिसरा, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही, तो कळ सोडल्यावर दांडा वर येऊन वरच्या कवचाला धडकल्याचा. चौथा लांब कळांखालच्या स्टॅबिलायझरच्या, म्हणजे कळ तिरकी होऊ न देणाऱ्या आधाराच्या, तारांचा खुळखुळाट. आणि हे सगळे आवाज कीबोर्डच्या पोकळ खोक्यात घुमतात व त्याच्या पायांमधून टेबलात उतरतात. आमचे टेबल प्लायवुडचे आणि सलग असल्यामुळे हा शेवटचा मार्ग फार महत्त्वाचा ठरला.

मेकॅनिकल स्विचचे तीन मुख्य प्रकार सांगितले जातात. लिनिअर स्विच सरळ खाली जातो, टॅक्टाइलमध्ये वाटेत हलका उंचवटा जाणवतो, आणि क्लिकीमध्ये उंचवट्यासोबत नादही असतो. जर्मनीतल्या चेरी कंपनीच्या एमएक्स मालिकेने रूढ केलेल्या रंगांप्रमाणे लाल म्हणजे लिनिअर, तपकिरी म्हणजे टॅक्टाइल आणि निळा म्हणजे क्लिकी, असे लोक ओळखतात. आपल्याकडे बँका, सरकारी कचेऱ्या आणि डीटीपीची दुकाने यांत वर्षानुवर्षे दिसणारा टीव्हीएस गोल्ड हा निळ्या जातीचाच कीबोर्ड आहे. अनेकांची बोटे त्याच्यावर तयार झाली आणि त्याची मजबुती मला आजही आदराची वाटते, पण चौघांच्या खोलीत तो चालणार नाही हे उघड होते. लाल आणि तपकिरी स्विच मात्र पुष्कळ ठिकाणी ‘शांत’ म्हणून खपवले जातात, आणि इथे खरेदीदाराने सावध राहायला हवे. त्यांच्यात टिक नाही, इतकेच. दांडा तळाला आणि वर आपटतो तो आपटतोच. खरे शांत स्विच वेगळे असतात आणि त्यांच्या नावातच बहुधा ‘सायलेंट’ हा शब्द असतो. त्यांच्या दांड्याला खालच्या आणि वरच्या धडकेच्या जागी रबरासारख्या मऊ पदार्थाच्या गाद्या बसवलेल्या असतात. या गाद्या थोडी जागा खातात, म्हणून चेरीच्या सायलेंट रेडची एकूण वाटचाल ४ ऐवजी ३.७ मिलिमीटर आणि नोंदीची खोली २ ऐवजी १.९ मिलिमीटर आहे. बोटाला या स्विचचा तळ किंचित लुसलुशीत लागतो. काहींना तो अजिबात आवडत नाही. जोराने कळा मारणाऱ्या मला तो पहिल्या दिवसापासून सुखाचा वाटला.

चेरीच्या मूळ एमएक्स रचनेचे पेटंट २०१४ च्या सुमारास संपले आणि त्यानंतर गेटरॉन, केल्ह, औटेमू अशा कंपन्यांच्या स्विचना बाजार खुला झाला. त्यामुळे आज शांत स्विचमध्येच निवड करता करता माणूस थकतो. मुंबईला कामासाठी गेले असताना मी मुद्दाम लॅमिंग्टन रोडवर फिरले. संगणकाचे सुटे भाग तिथे मिळत नाहीत असे होत नाही, पण दुकानांत मांडलेले मेकॅनिकल कीबोर्ड प्रामुख्याने गेम खेळणाऱ्यांसाठीचे, रंगीत दिव्यांचे आणि निळ्या किंवा लाल स्विचचे होते. शिवाय त्या रस्त्यावरच्या गजबजाटात कोणताही कीबोर्ड शांतच वाटतो. दुकानात कळ दाबून पाहून बोटाला जोर किती लागतो ते समजते, आवाजाचा अंदाज मात्र घेऊ नये, असे माझे मत तिथे पक्के झाले. हेच स्विच टेस्टरबद्दल म्हणता येईल. ॲक्रिलिकच्या छोट्या पाटीवर निरनिराळे स्विच बसवलेले असतात. त्यावर उंचवटा, वजन आणि गादीचा मऊपणा उत्तम पारखता येतो, पण खोका, स्विच ज्यात बसवलेले असतात ती प्लेट आणि टेबल यांच्याशिवाय जो आवाज येतो तो तुमच्या खोलीतला आवाज नसतो.

या सगळ्यातून एक निर्णय आपोआप झाला: कीबोर्ड हॉट-स्वॅप असायलाच हवा. अशा कीबोर्डमध्ये सोल्डरिंग न करता स्विच ओढून काढता येतात आणि दुसरे बसवता येतात, त्यामुळे स्विचचा निर्णय खोलीत बसून, त्याच टेबलावर घेता येतो. अंकांची वेगळी पट्टी मला लागत नाही, म्हणून मी ती पट्टी नसलेला, ७५ टक्के मांडणीचा आटोपशीर कीबोर्ड घेतला. घेताना त्याच्या सॉकेटमध्ये पाच पायांचे स्विच बसतात ना, एवढे विचारून घेतले, कारण माझ्या यादीतल्या काही स्विचना दोन जादा प्लास्टिकचे पाय असतात. मग शांत स्विचची लहान पाकिटे मागवली: लिनिअरमध्ये चेरी सायलेंट रेड आणि औटेमू सायलेंट पीच, टॅक्टाइलमध्ये औटेमू सायलेंट लेमन आणि गॅझ्यूचा बोबा यू४. या शेवटच्या नावाबाबत एक सूचना इथेच देते. यू४ आणि यू४टी असे दोन स्विच एकाच घराण्यातले आहेत. पहिला शांत आहे, तर दुसऱ्यात गाद्या नसून तो भरदार ‘ठक’ आवाजासाठीच बनवला आहे. नावातल्या एका अक्षराकडे दुर्लक्ष करून मागणी नोंदवली, तर हवे त्याच्या नेमके उलट हाती येईल. टॉप्रे या जपानी कंपनीच्या, धारिता (कपॅसिटन्स) तत्त्वावर चालणाऱ्या शांत कीबोर्डांबद्दल मी पुष्कळ चांगले ऐकून होते, परंतु त्यांची किंमत माझ्या आवाक्याबाहेर होती आणि स्विच बदलण्याची सोयही त्यांत नाही.

परीक्षेची पद्धत ठरवताना एक गोष्ट लक्षात आली, जी मला या साऱ्या प्रक्रियेत सर्वांत मोलाची वाटते. टंकलेखन करणाऱ्याचा कान कीबोर्डपासून हातभर अंतरावर, वरच्या बाजूला असतो. त्याला बोटांचा स्पर्शही जाणवत असतो आणि पुढची कळ कधी वाजणार हे आधीच माहीत असते. समोर बसलेल्याला यातले काहीच नसते. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो अनियमित, तुटक, मध्येच थांबणारा आणि मध्येच उसळणारा आवाज, आणि सलग घरघरीपेक्षा असा आवाज लक्ष जास्त विचलित करतो. तेव्हा निकाल समोरच्या खुर्चीतून लागायला हवा. आमच्या चौथ्या सहकाऱ्यांना इनस्क्रिप्ट येते. त्यांना मी माझ्या जागी बसवले, एकच ठरावीक परिच्छेद टंकित करायला दिला आणि स्वतः ताईंच्या खुर्चीत जाऊन बसले. नंतर ताई त्यांच्या खुर्चीत बसल्या आणि मी टंकित केले. पंखे बंद ठेवले, कारण उन्हाळ्यात पूर्ण वेगाने फिरणारा पंखा बारीकसारीक आवाज झाकून टाकतो आणि डिसेंबरात पंखा थांबला की तेच आवाज उघडे पडतात.

मोबाइलवरचे ध्वनिमापक ॲपही सोबत वापरले. त्यातले आकडे प्रमाणित उपकरणाचे नसतात, म्हणून अमुक डेसिबल आवाज झाला असे त्यावरून सांगणे बरोबर नाही. तोच मोबाइल त्याच जागी ठेवून दोन स्विचमधला फरक पाहणे एवढ्यापुरता त्यांचा उपयोग आहे. डेसिबलची पट्टी लॉगरिदमी असल्यामुळे साधारण १० डेसिबलची वाढ कानाला दुप्पट आवाजासारखी भासते, हेही ध्यानात ठेवावे लागते. पण खरे सांगायचे तर ॲपने जे दाखवले त्यापेक्षा ताईंनी जे सांगितले ते जास्त कामाचे होते. पाची स्विच, म्हणजे माझा घरचा तपकिरी आणि हे चार शांत, एकामागून एक ऐकल्यावर त्या म्हणाल्या, “पहिल्यात प्रत्येक अक्षर ऐकू येत होतं. बाकीच्या चारांत अक्षरं ऐकू येत नाहीत, पण मधूनमधून काहीतरी खट्‌कन वाजतं, आणि ते चारीही वेळा सारखंच वाजलं.”

ते काय वाजत होते हे शोधायला फार वेळ लागला नाही. ती डावीकडची शिफ्ट होती.

इंग्रजीत शिफ्ट लागते ती वाक्याच्या आरंभी आणि विशेषनामांना. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात असलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत तसे नाही. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला आहेत. अल्पप्राण व्यंजनाच्या कळीवरच शिफ्टसह महाप्राण व्यंजन येते, मात्रेच्या कळीवर शिफ्टसह पूर्ण स्वर येतो, आणि ण, ळ, श, ष हेही शिफ्टशिवाय उमटत नाहीत. ‘आठवण’ हा शब्द घेतला तर आ, ठ आणि ण या तिन्ही अक्षरांना शिफ्ट लागते, फक्त व सुटतो. महाप्राण व्यंजने उजव्या हाताला असल्याने त्यांच्यासाठी डावी शिफ्ट वापरावी लागते, आणि नेमकी हीच कळ लांब असते. साध्या अक्षरकळीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त रुंद असलेल्या प्रत्येक कळीखाली, म्हणजे डावी शिफ्ट, एंटर, बॅकस्पेस आणि स्पेसबार यांच्याखाली, कळ तिरकी होऊ नये म्हणून तारेचा स्टॅबिलायझर असतो. ७५ टक्के मांडणीत उजवी शिफ्ट बहुधा आखूड असते आणि तिला स्टॅबिलायझर लागत नाही. म्हणून ती शांत होती. मराठीत लिहिणाऱ्याने शांत कीबोर्ड निवडताना स्विचइतकेच, किंबहुना थोडे जास्तच, लक्ष डाव्या शिफ्टच्या स्टॅबिलायझरकडे द्यावे, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या सल्ल्यात स्पेसबारवर पानेच्या पाने असतात, शिफ्टचा उल्लेख ओझरता असतो, आणि त्यांच्यापुरते ते बरोबरही आहे.

स्टॅबिलायझरचे काम नाजूक असले तरी कोणालाही जमण्याजोगे आहे. तारेच्या चिमट्याने कीकॅप, म्हणजे कळीवरची टोपी, सरळ वर ओढून काढला. तार बाहेर काढून मोबाइलच्या काचेवर सपाट ठेवली. तिचे एक टोक उचललेले राहत होते, म्हणजे ती किंचित वाकलेली होती आणि कळ दाबताना एक बाजू आधी खाली जात होती. बोटांनी हळूहळू वाकवत ती काचेवर पूर्ण टेकेल अशी सरळ केली. नंतर प्लास्टिकच्या घरांच्या आतल्या भिंतींना क्रायटॉक्स २०५जी० हे घट्ट वंगण कुंचल्याने पातळसर लावले आणि तारेची टोके जिथे अडकतात तिथे डायइलेक्ट्रिक ग्रीस भरले. औषधाच्या दुकानात मिळणारी छोटी सिरिंज या कामाला फार सोयीची पडते, कारण स्पेसबारच्या बाबतीत सगळे सुटे न करताही तारेच्या टोकापाशी ग्रीस सोडता येते. वंगण जास्त झाले तर कळ वर यायला आळसते. तेव्हा आधी कमी लावून ऐकावे आणि मग वाढवावे. डाव्या शिफ्टनंतर स्पेसबार, बॅकस्पेस आणि एंटर यांचेही तसेच केले. पुन्हा परिच्छेद टंकित केला तेव्हा ताईंनी मान वर केली आणि “झालं का सुरू?” असे विचारले.

यानंतर स्विचची निवड निव्वळ माझ्या बोटांची उरली. लिनिअरवर माझा जोर आवरत नव्हता. कळ कधी नोंदली गेली हे समजत नसल्याने मी दरवेळी तळ गाठत होते. बोबा यू४ चा उंचवटा ठळक आहे आणि तो ओलांडला की अक्षर उमटले हे बोटाला निश्चित कळते, म्हणून मी त्याचाच ६२ ग्रॅमचा प्रकार सगळ्या कळांसाठी मागवला. चेरी सायलेंट रेडला सुमारे ४५ ग्रॅमच जोर पुरतो, त्यामुळे हलक्या हाताच्या माणसाला तो अधिक रुचेल. बाकीच्या गोष्टींनी थोडा थोडा हातभार लावला. कीबोर्डखाली जाड फेल्टची चटई अंथरल्यावर टेबलातून जाणारी धडधड लक्षणीय कमी झाली आणि एवढ्या स्वस्तात इतका फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही. खोक्याच्या पोकळीत फोमचा थर होताच. पातळ एबीएस प्लास्टिकच्या कीकॅपऐवजी जाड पीबीटी या दुसऱ्या प्लास्टिकचे बसवले, तेव्हा उरलेला आवाज जरा खालच्या पट्टीत गेला. दांड्याला घालायच्या रबरी कड्या मात्र मी वापरल्या नाहीत: त्या फक्त खालची आपट मऊ करतात, कळ वर येतानाच्या धडकेवर त्यांचा काहीच परिणाम होत नाही, आणि शांत स्विचची आधीच कमी झालेली वाटचाल त्या आणखी कमी करतात.

थंडीत पंखे बंद झाल्यावर मी ताईंना पुन्हा विचारले. एंटर अजून थोडी ऐकू येते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ती परिच्छेदाच्या शेवटीच वाजत असल्याने त्यांची तक्रार नव्हती. मी तिची तार पुन्हा काढून पाहिली, सरळ होती, आणि तिला तसेच राहू दिले.

खिडकीजवळच्या तरुणाला आता असाच कीबोर्ड हवा आहे. त्याचा हात हलका आहे, त्यामुळे माझ्याकडे उरलेले लिनिअर स्विच त्याला आवडले. पण दिवसभर आकडे भरायचे असल्याने त्याला अंकांची पट्टी असलेला पूर्ण आकाराचा कीबोर्ड लागेल, आणि त्या पट्टीतल्या शून्य, अधिक आणि एंटर या तिन्ही कळा दुप्पट लांबीच्या असून तिन्हींखाली स्टॅबिलायझर असतो. जमाखर्चात सर्वांत जास्त दाबल्या जाणाऱ्या कळांमध्ये या तिन्ही येतात. कीबोर्ड आला की स्विच बसवण्याआधी त्या तिघींच्या तारा काचेवर ठेवून पाहायच्या, असे आम्ही ठरवले आहे. ग्रीस आणि सिरिंज माझ्या खणात आहेतच.